आठ मात्रांची जागा

बँडच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला हमखास वाटायचं की पोरं चुकली. सुटीची धून जोरात चाललेली असायची, ट्रम्पेटं वर चढलेली, ढोल नेमका ठोक्यावर, आणि ऐन रंगात सगळं एकदम थांबायचं. कुणी घाबरायचं नाही. पोरं वाद्यं तोंडाशी धरून नुसत्या माना हलवायची, आठ वेळा, आणि नवव्याला सगळी मिळून अशी उसळायची की दारातला माणूस दचकून मागे सरायचा. पोरांना त्यात भारी मजा वाटायची. त्या जागेला ती 'गप्प' म्हणायची. "गप्प आलं की खोकायचं नाही," हे जुनं पोर नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावून सांगायचं, जसा काही तो बँडचा कायदाच.

दरवर्षी एखादं चौकस पोर विचारायचंच, "बाई, मध्येच गप्प का बसायचं?"

"नंतर सांगीन," बाई म्हणायच्या. "आधी मोजायला शीक."

मग ते पोर मोजायला शिकायचं आणि विचारायचं विसरून जायचं. मुलांचं हे बरं असतं. आपण जे त्यांच्यासमोर ठेवू, ते जगाच्या सुरुवातीपासून तसंच आहे असं त्यांना वाटतं.

खरं कारण बाईंना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ती जागा रिकामी नव्हतीच मुळी. ती त्यांच्या दादाची होती.

धून बाईंच्या वडिलांनी बसवलेली. बाबा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. दिवसभर काचेच्या नळीत फुंकायचं आणि संध्याकाळी ट्रम्पेटमध्ये फुंकायचं, एवढंच त्यांना येत होतं, आणि दोन्ही उत्तम येत होतं. कामगारांचा बँड त्यांनीच उभा केला. आठवड्याची सुटी झाली की फाटकाशी हा बँड ही धून वाजवायचा आणि माणसं थकलेली असूनही जरा ताठ चालत घरी जायची. धुनेच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं आणि एकट्या ट्युबाने, त्या अजस्र पितळी वाद्याने, म्हणजे बँडच्या भाषेत भोंग्याने, आठ मात्रांत वरून खाली उतरायचं. एखादा जाडा माणूस जिना उतरावा तसं, सावकाश, कुणाची पर्वा न करता. तळाला पोचला की बाकीच्यांनी त्याच्यावर झडप घालायची. भोंगा दादाचा होता. बाई तेव्हा बाई नव्हत्या, दादाची धाकटी होत्या, आणि दुसऱ्या रांगेत ट्रम्पेटसारखंच पण आखूड असं कॉर्नेट वाजवायच्या. त्यांच्या कानामागेच भोंग्याचं तोंड असायचं. त्या आठ मात्रा त्यांना ऐकूच यायच्या असं नाही, खुर्चीच्या पाठीतून कळायच्या.

कारखाना बंद पडला आणि दादाला लांबच्या एका बंदरावर क्रेन चालवायची नोकरी लागली. सहा महिन्यांत परत येतो म्हणाला. धाकटी त्याला बसवर सोडायला गेली होती. रडायचं नाही असं ठरवून गेलेली, म्हणून तोंड फुगवून उभी होती. बस हलताना दादाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि हसून ओरडला, "माझ्या आठ मात्रा ठेव गं! दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आलोच."

तिने ठेवल्या.

बाबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, दादा येतोय ना आता. सनईसारखा क्लॅरिनेट वाजवणाऱ्या न्हाव्याने "तेवढं मी भरून काढतो की" म्हणून पाहिलं, त्याच्याकडे तिने असं पाहिलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. मग बाबा गेले. दादा दोन दिवसांसाठी आला आणि गेला, पण त्या दिवसांत वाजवणार कोण आणि कशाला. जुने कामगार एकेक करून पांगले, कुणाचे दात गेले, कुणाचा दम गेला. त्यांची पोरं आणि शेजारपाजारची पोरं यायला लागली. धाकटीच्या बाई झाल्या. सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली आणि आठ मात्रा आपल्या जागी राहिल्या.

दिवसा बाई चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, "आता वाचा बरं शेवटची ओळ" म्हणायच्या. संध्याकाळी त्या सायकलच्या दुकानामागचा लोखंडी जिना चढायच्या. वरच्या लांबोळक्या खोलीत बँड भरायचा. भिंतीवर खिळ्यांना टायर लटकलेले, रबराचा आणि ग्रीसचा वास, एकच पंखा आणि तोही ढोलाच्या तालात न बसणारा. कोपऱ्यात भोंगा. त्याच्यावर जुनी फुलाफुलांची चादर. दर रविवारी बाई ती चादर काढून फडक्याने पितळ घासायच्या, दट्ट्यांना तेल द्यायच्या, त्याच्या तोंडात डोकावून कोळ्याचं जाळं काढायच्या आणि पुन्हा चादर घालायच्या. घरात आजारी माणूस असावं तसा तो भोंगा होता. बघणाऱ्यांना वाटायचं काय ही हौस. हौस कसली, ती वाट पाहणं होतं. भोंगा आहे तोवर दादाला येऊन बसायला जागा आहे, एवढा साधा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता आणि तो कुणाला तपासायला दिला नव्हता.

पण वाट पाहायलाही भाडं पडतं.

बँडचे दिवस भरत आले होते, असं म्हणायला हरकत नाही. नगरपालिकेकडून दरवर्षी थोडंबहुत मिळायचं, ते बंद झालं. बाई तीनदा जाऊन आल्या. तिथला कारकून फार गोड माणूस. दरवेळी खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि वाटाण्याच्या अक्षता लावायचा. दुकानदारांकडे जावं तर औषधवाल्याने ढोलावर आपलं नाव रंगवायची अट घातली. रंगवलं. वर्षाच्या आत त्याचं दुकानच बंद झालं, आणि पोरं अजून त्या मेलेल्या दुकानाची जाहिरात बडवत होती. ट्रम्पेटं सहा आणि वाजवणारी पोरं अकरा. एकाने वाजवलं की शर्टाच्या बाहीला पुसून दुसऱ्याला द्यायचं. एकाचा दट्ट्या खाली गेला की वर यायचा नाही, म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. ते वाद्य ज्याच्या वाट्याला यायचं त्याचं सगळे सांत्वन करायचे.

त्यात सायकलवाल्यांनी खोली मागितली. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या वेळेपासून भाड्यासाठी त्यांनी कधी तगादा लावला नाही. "पण बाई, माल ठेवायला जागा नाही हो मला," ते खाली मान घालून म्हणाले. "तुम्ही मागची बाकी चुकती करा, वर्षभराचं पुढचं द्या, मी दुसरीकडे गोदाम बघतो. नाहीतर मग माझाही नाइलाज आहे."

त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर खजिनदारकाका मागे थांबले. हे निवृत्त पोस्टमन. खजिन्यात खडखडाट असल्यामुळे खजिनदारपद त्यांना सहज झेपायचं. ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले आणि मग कोपऱ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तो भोंगा."

"त्याचं काय?"

"मोठ्या शाळेला हवाय एक. नवा बँड काढतायत ते. त्यांच्या संगीताच्या मास्तरांशी बोललो मी सहज. चांगले पैसे देतील. खोलीचं भागेल, ट्रम्पेटांची दुरुस्ती होईल, वर दोन नवीन येतील."

"तुम्ही सहज बोललात होय?"

"चिडू नका. आपल्याकडे कोण वाजवतं तो? पोरांच्या मांडीवर ठेवला तर पोर दिसत नाही."

बाईंना रागच आला, पण कुणाचा ते समजेना. काका खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. भोंगा ठेवावा तर पोरं रस्त्यावर, पोरं ठेवावीत तर भोंगा गेला. आणि भोंगा गेला की दादा कशासाठी येणार? क्रेन चालवणाऱ्या माणसाला टायर बघायला कुणी बोलावत नाही.

"बघू," त्या म्हणाल्या. काकांनी टोपी घातली. बाईंचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं होतं.

दादाशी फोनवर बोलणं व्हायचं ते रविवारी. ठरलेलंच असायचं सगळं. त्याचा गुडघा, तिची पाठ, वहिनीचा पदार्थ कसा बिघडला, तिकडे वारा किती सुटलाय. बँडचं विचारायचा तो, "कसं चाललंय?" आणि ती सांगायची, "चाललंय." कधी येतोस, हे तिने पहिली दोन वर्षं विचारलं. मग त्याला दरवेळी नवं कारण शोधावं लागतं हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याचीच दया आली. तिने विचारणं सोडलं. मनातून सोडलं नाही, तोंडाने सोडलं.

त्या रविवारी तिने सांगितलं. खोलीचं, शाळेचं, भोंग्याचं.

"मग द्या की विकून," दादा म्हणाला. "पितळ उराशी धरून काय करायचंय? पोरं महत्त्वाची."

इतकं चटकन म्हणाला. त्याने जरा थांबायला हवं होतं, एवढंच. निदान एक खोकला तरी.

"ते मास्तर व्हायोलिनवाले आहेत," त्या म्हणाल्या. "वाजताना ऐकल्याशिवाय नेणार नाही म्हणतात. आणि इथे वाजवणारं कोणी नाही."

"अरे बापरे. मग?"

"मग काय. तूच ये."

बोलून गेल्या आणि त्यांनाच धसका बसला. अकरा वर्षं जे मागायचा धीर झाला नाही, ते भोंगा विकायच्या निमित्ताने असं सरळ तोंडातून निघालं होतं. पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती. दादा तिला म्हणाला, "धाकटी बोलावतेय." मग फोनमध्ये म्हणाला, "सुट्टी तशी साठलीय माझी. येतो की. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं. बाई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस पेटवायचा सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. हे इतकं सोपं होतं का? नुसतं ये म्हटलं असतं तर आला असता का? या प्रश्नाच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि झोप लागेपर्यंत त्याच वाटेवर चालत राहिल्या.

दादा आला. बसमधून उतरताना त्याने आधी पिशवी खाली ठेवली, मग एक पाय, मग दुसरा. केस पांढरे आणि विरळ झालेले. वजन उतरलेलं. बाईंनी मनात धरून ठेवलेला जाडा माणूस तो नव्हताच. "काय गं, म्हातारी झालीस," तो म्हणाला. "तू आरसा बघत नाहीस वाटतं," त्या म्हणाल्या. मग बरं वाटलं दोघांना.

दुसऱ्या दिवशी दुपारीच पोरं खोलीत जमली होती. बाईंचा भाऊ म्हणजे आपला मामा, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. सगळ्यांत पुढे शिट्टी, म्हणजे ट्रम्पेटवाली मोठी मुलगी. वाद्य हाती नसलं की ती ओठांनीच वाजवायची, म्हणून हे नाव. तिच्या शेजारी बटण. याच्या गणवेशाचं एक तरी बटण नेहमी तुटलेलं असायचं. खजिनदारकाकांनी ठेवणीतला कोट घातला होता. शाळेचे मास्तर तरुण होते, नीटनेटके आणि सभ्य, टायरांना कोट लागू नये म्हणून मधोमध उभे. खाली त्यांची गाडी उभी होती.

बाईंनी चादर काढली. दादा बघत राहिला. "काय चमकतोय," तो म्हणाला. "मी वाजवायचो तेव्हा तर एवढा नव्हता चमकत."

तो खुर्चीवर बसला, भोंगा मांडीवर घेतला, दट्टे दाबून पाहिले. मग त्याने श्वास घेतला. खोलीभर ऐकू गेला तो श्वास, जुना भाता ओढल्यासारखा. पोरं खुसखुसली. बाई चादरीची घडी घालता घालता थांबल्या. हे कसं विसरलो आपण? बाबा यावरूनच तर त्याला झापायचे, "वाजवतोयस की विहीर उपसतोयस?" कानामागे, प्रत्येक वेळी, आठ मात्रांच्या आधी हा श्वास असायचा. त्यांनी सूर जपले होते, ताल जपला होता आणि हे मात्र साफ विसरल्या होत्या.

श्वासानंतर जो आवाज निघाला तो म्हशीचा होता. पोरं मोठ्याने हसली. दादाही हसला. "ओठ सुटले," तो म्हणाला आणि पुन्हा फुंकलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी सूर लागला. मग त्याने खालून वर, वरून खाली सगळे सूर दाखवले. मास्तरांनी कान लावून ऐकलं, दट्ट्यांवर बोटं ठेवून पाहिली, मान डोलावली. "फारच छान सांभाळलाय तुम्ही," ते बाईंना म्हणाले. "क्वचित दिसतं असं." खजिनदारकाकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

"नेण्याआधी एकदा धून वाजवू," बाई म्हणाल्या. "सगळे मिळून."

मास्तर म्हणाले, "जरूर." पोरं भराभर जागेवर बसली. दादाची खुर्ची दुसऱ्या रांगेच्या मागे सरकवली. बाई पुढे उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला आणि नेहमीपेक्षा पटकन खाली आणला.

धून सुरू झाली. मागून भोंग्याचा आधार लागला तशी पोरं जरा बिचकली, मग खूश झाली. खोली एकदम भरल्यासारखी वाटली. सायकलवाले खालून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मध्य आला. बाईंनी मूठ मिटली, सगळी वाद्यं थांबली. मागे तो श्वास आला, आणि दादा उतरू लागला. जाड, सावकाश, एकेक सूर. बाई मुठीसकट तशाच उभ्या. अकरा वर्षं ज्याची जागा धरून ठेवली होती तो आपल्या पायांनी आला होता.

तीन मात्राही पुऱ्या झाल्या नाहीत. बटण दचकून मागे वळलं आणि मोजणं विसरलं. ढोलवाल्याला वाटलं गप्प संपलं, त्याने टोला हाणला. त्या टोल्यावर चार ट्रम्पेटं घुसली, दोन घुसली नाहीत, आणि सगळ्यांची नुसती टक्कर झाली. एकेक करून सगळे थांबले. शेवटी भोंगा थांबला.

शिट्टीने मागे वळून आदराने सांगितलं, "मामा, तिथे वाजवायचं नसतं. तिथे गप्प असतं."

"कोण म्हणतं?"

"धूनच तशी आहे."

दादाने बाईंकडे पाहिलं. "काय गं? इथे तर माझा जिना होता. तो काढून टाकलास?"

"काढला नाही. ठेवलाय," बाई म्हणाल्या. खोलीत सगळे होते, तरी त्या बोलल्या. "तूच म्हणाला होतास. माझ्या आठ मात्रा ठेव, कुणाला देऊ नकोस."

"मी? कधी?"

"जाताना. बसमधून."

दादा आठवू लागला. खरंच प्रयत्न करत होता तो, कपाळाला आठ्या घालून. बाईंना त्याच्या तोंडावरून कळत होतं की तिथे काही नाही. बस होती, पिशव्या होत्या, धाकटी तोंड फुगवून उभी होती ते कदाचित असेल. पण ते वाक्य नव्हतं. तो ते बोलला, खिडकीतून मान आत घेतली आणि ते वाक्य इकडेच राहून गेलं.

"गमतीत म्हणालो असेन अगं," तो हळूच म्हणाला. "तू इतकी वर्षं…"

बाईंना वाटलं आता आपल्याला रडू येणार. पण आलं नाही. जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा फक्त एक हिसका बसला. पोरं एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मास्तर टायर निरखत होते. त्यांना बिचाऱ्यांना निघायचं होतं.

"पुन्हा एकदा घेऊ," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दादाने विचारलं, "मी काय करू? तिथे वाजवू की नको?"

वाजव, असं अगदी ओठांवर आलं होतं. एवढ्यासाठीच तर सगळं होतं. आठ मात्रा, आणि पोरांना दोन मिनिटांत सांगून समजावता आलं असतं की इथे मामांची पाळी. पण शिट्टीने वाद्य ओठांना लावलं होतं, बटण पायाने ताल धरून तयार होतं, आणि त्यांची धून त्यांना पाठ होती.

"तूच बघ," त्या म्हणाल्या आणि हात वर केला.

या वेळी पोरं ईर्ष्येने वाजवत होती. मघाची चूक पुसून काढायची होती त्यांना. मध्य आला, बाईंनी मूठ मिटली. मागे श्वास आला, भाता ओढावा तसा, खोलीभर. पोरांचे खांदे ताठ झाले. बाईंनी डोळे मिटले.

काही वाजलं नाही. बाईंनी डोळे उघडले. दादा भोंगा ओठांशी धरून, छातीत तो सगळा श्वास कोंडून बसला होता, आणि पोरांबरोबर मान हलवत मोजत होता. पांढरं डोकं, खालीवर, खालीवर. त्याचे डोळे बाईंवर होते आणि भरलेले होते. आठवी मात्रा झाली आणि नवव्याला सगळ्यांबरोबर तोही असा उसळला की खिळ्यांवरचे टायर हलले.

भोंगा चादरीत गुंडाळून खाली नेला. चादर देऊन टाका म्हणाल्या बाई, मास्तर नको नको म्हणत होते.

दोन दिवसांनी बाई दादाला बसवर सोडायला गेल्या. दोघं बाकावर बसून चहा प्याले. गुडघ्याला तेल लाव, पाठीला शेक घे, झालं. बस हलताना त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. बाई दोन पावलं पुढे गेल्या. तो काहीतरी शोधत होता बोलायला, तोंड उघडलं, पण या वेळी त्याला आधीचं वाक्य माहीत होतं. त्याने नुसता हात हलवला. बाईंनीही हलवला. माणसाने न पाळता येणारं वचन दुसऱ्यांदा देऊ नये, हा त्याचा चांगुलपणाच होता. पण दिलं असतं तरी त्यांना चाललं असतं.

पुढच्या सरावाला खोलीचा कोपरा फार मोठा वाटत होता. दोन नवी ट्रम्पेटं आली होती. ट्यूबची पट्टी सुटून दट्ट्या मोकळा झाला होता आणि ते दुर्दैवी वाद्य आता सगळ्यांना हवं होतं. खाली सायकलवाले शीळ घालत काम करत होते. एक नवी मुलगीही आली होती, केसांची एक वेणी सुटलेली, प्रश्नांनी भरलेली. शिट्टीने तिला शेजारी बसवून 'गप्प'चा कायदा सांगितला.

"बाई," तिने लगेच हात वर केला, "मध्येच गप्प का बसायचं?"

बाईंच्या तोंडात 'नंतर सांगीन' तयारच होतं. त्यांनी ते परत आत घेतलं.

"धूनच तशी आहे," त्या म्हणाल्या.

मुलीला ते पटलं. बाईंनी हात वर केला. धून सुरू झाली, चढली, मध्यावर आली, त्यांनी मूठ मिटली. आणि आठ मात्रा सुरू व्हायच्या आत खोलीतल्या सगळ्या पोरांनी एकदम श्वास घेतला. मोठ्याने, भाता ओढल्यासारखा, छाती फुगवून. शिट्टीने, बटणाने, ढोलवाल्यानेसुद्धा, ज्याला त्याची काही गरज नव्हती. नव्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने तिनेही घेतला. मामांनी केलं ते पोरांनी उचललं होतं. तेही धुनेतच आहे, असं त्यांना वाटलं होतं.

बाईंनी कुणाला टोकलं नाही. मूठ मिटून, मान हलवत, त्या आठपर्यंत मोजत राहिल्या.